जाळी काढून दाखवता का?

"भाऊ, जाळी काढून दाखवता का?" नागपूरच्या धरमपेठेत आज जुने स्पीकर बघायला आलेल्या पोराने किमतीच्या आधी हेच विचारलं.

जाळी निघाली. वूफरच्या, म्हणजे जाड सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बोट लागताच काळा चिकट भुगा होऊन सुटला. आवाज येत होता ना, म्हणून कुणी बघितलंच नव्हतं!

पॉलियुरेथेन फोम 15-20 वर्षांत कुजतोच, ओलाव्याने लवकर. आपल्याकडे तर उन्हाळाभर कूलर, मग पावसाळा. रबरी कड पुष्कळ टिकते.

कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, त्याने चारी बोटांनी सारखा दाबला. खरखर नाही, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, कॉइल, घासत नाही. मल्टिमीटरवर कॉइलचा रोध 6 ओहमच्या वर, 8 ओहमच्या स्पीकरला बरोबर. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, दोन्ही कोन एकाच दिशेला हलले, म्हणजे प्लस-मायनस जुळतात. फोम बदलला की काम झालं, मात्र दोन्हीकडचा एकदमच बदलायचा.

स्टँड त्याने नुसते ठोकले. पोकळ! नळीत कन्हान नदीची वाळू भरायची, पण धुऊन, पूर्ण वाळवून. ओली राहिली तर आतून गंज. उंची एवढी, की बसल्यावर ट्वीटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाशी यावा. विकताना वाळू आधी काढा, नाहीतर उचलणाऱ्याची कंबर जाते.

जाहिरातीत सगळे जाळी लावूनच फोटो का टाकतात बाप्पा?