जॉब चावतोय

पावडर कोटिंगच्या लाइनवर अकरा वर्षं काढलीत, आता सुपरवायझर आहे, म्हणजे काही बिघडलं की सगळ्यात आधी आरडाओरडा करणारा. गेल्या महिन्यातला एक शनिवार डोक्यातून जातच नाहीये.

पॅनलचे ४० बॉक्स होते, ग्रे ७०३५ शेडचे, संध्याकाळी गाडी लागणार. लोकांना वाटतं आम्ही नुसता रंग फवारतो. रंग कसला, कोरडी पावडर असते ती, आणि जॉबवर, म्हणजे ज्या वस्तूला रंग द्यायचा तिच्यावर, बसते ती विजेच्या ओढीने. गनच्या टोकाला ६०-७० हजार व्होल्ट, करंट मात्र मायक्रोअँपमध्ये, तिथून जाताना पावडरला निगेटिव्ह चार्ज लागतो आणि जॉबला अर्थिंग असलं की ती आपोआप त्याच्याकडे खेचली जाते. लाइन नीट चालू असली तर समोरून मारलेली पावडर वळसा घालून मागच्या बाजूलाही बसते, ते बघायला मला अजून मजा येते. मग ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दहा मिनिटं.

त्या दिवशी पावडर बसेचना. पहिला हलका थर बसायचा आणि पुढची सगळी भसाभस खाली, आतले कोपरे तर उघडेच. कोपऱ्यांचं दुखणं जुनं आहे, सगळी ओढ कडांकडे असते, आत पोचतच नाही, फॅरेडे केज म्हणतात त्याला, तिथे केव्ही, म्हणजे गनचं हजारातलं व्होल्टेज, कमी करायचा असतो. हे मी पोरांना शिकवतो. आणि घाईत मीच केव्ही १०० वर नेला! मग पावडरला शिव्या घातल्या, परचेसवाले स्वस्तातलं काहीतरी उचलून आणतातच म्हणा, पण त्या दिवशी त्यांची चूक नव्हती.

गनवर आमचे काका. ते दोनदा म्हणाले, "साहेब, पावडर जॉबवर नाही, माझ्यावर बसतीय." खरंच बाह्या, मिशा सगळं ग्रे. मी म्हटलं, लांब उभं राहून मारा ना, एवढी वर्षं काय केलं मग? काका गप्प झाले. तेवढ्यात बॉक्स उतरवणारं पोरगं ओरडलं, "सर, जॉब चावतोय!" कोपरापर्यंत झटका बसला म्हणे. सगळे हसले, मी पण.

चार वाजता मेगर काढला, विजेला किती अडथळा होतो ते मोजायचं मीटर. जॉब ज्याला टांगतो त्या हुकापासून अर्थपर्यंत १ मेगओहमच्या आत यायला पाहिजे, काटा पार इन्फिनिटीला. हूक कानशीने घासला तर ग्रे, काळा, नारिंगी, परत ग्रे, झाडाच्या खोडासारखी वलयं. दर फेरीला जॉबबरोबर हूक पण ओव्हनमधून भाजून निघतो, म्हणजे आमच्याच रंगाने हुकाला प्लास्टिकचं कव्हर चढवलेलं. जॉब अर्थपासून तुटला, स्वतःच निगेटिव्ह होऊन बसला आणि येणाऱ्या निगेटिव्ह पावडरला ढकलायला लागला, वर मी केव्ही वाढवत होतो. काकांनी मात्र नियमाप्रमाणे गनची मूठ उघड्या हाताने धरलेली, मुठीला अर्थिंग, म्हणजे फवारणीच्या बूथमध्ये पावडरला जवळचं अर्थिंग म्हणजे काकाच. दोनदा सांगितलं होतं त्यांनी.

हूक जिथे टेकतात तेवढी जागा घासून काढली, केव्ही परत ६० वर, पहिल्याच बॉक्सला पावडर मागून पण बसली. गाडी रात्री साडेनऊला गेली. शेठने विचारलं उशीर का, मी म्हटलं "मेन्टेनन्स".

पण त्या पोराचा झटका डोक्यातून जात नाही. झटका म्हणजे ठिणगी, आणि बूथमध्ये हवेत पावडरचा ढग असतो, तो पेट घेऊ शकतो. पोरगं बूथच्या बाहेर होतं म्हणून. आणि आम्ही हसत होतो.

सोमवारी काकांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. ते "हं" म्हणाले आणि गन पुसत बसले. आता रोज सकाळी मेगरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहायचं ठरलंय. काल उघडून बघितलं, सोमवार ते शनिवार सगळीकडे ०.४, एकाच पेनाने, आणि काल फक्त गुरुवार होता.