180 रुपयांसाठी अडकलेलं खातं

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. मी ठाण्यात एका बँकेच्या शाखेत आहे. सकाळी शटर वर गेलं तर जांभळी नाक्यावर फुलं विकणारी मावशी पायरीवरच बसलेली. पहाटे दादरला झेंडू घ्यायला गेली, पेमेंट होईना, व्यापारी उधार देईना, रिकामी टोपली घेऊन परत आली.

खातं बघितलं तर डेबिट फ्रीज, म्हणजे खात्यातून पैसे काढणं बंद. शिल्लक 41 हजार, भानगड 180 रुपयांची. दुसऱ्या राज्यात कुणालातरी फसवून काढलेले पैसे भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांतून फिरत फिरत आले आणि त्यातल्याच एका खात्यावरून कुणीतरी मावशीकडून हार घेतला. फसलेल्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला की पैसा जिथे जिथे गेला त्या बँकांना तिकीट, म्हणजे तक्रारीची सूचना, जातं. तेवढ्या 180 वर लीन लावून, म्हणजे तेवढेच अडकवून, बाकी खातं चालू ठेवता येतं, पण पोलिसांच्या पत्रात खातं गोठवा असं असलं की आमचे लोक डोळे मिटून सगळंच बंद करतात, हे मला अजिबात पटत नाही.

हात कायम ओले म्हणून तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. म्हणाली, "ताई, स्पीकर बोलला ना पैसे आले, मग मी चोर कशी?"

काय सांगू? तिचा क्यूआर मीच लावून दिलेला, रोख नको मावशी म्हणून मागे लागून.

हाराची पावती कुठून आणायची? तिच्या टोपलीचा फोटो, क्यूआरचा फोटो आणि दहा-वीस रुपयांच्या एंट्र्यांनी भरलेलं स्टेटमेंट जोडून तिकडच्या तपास अधिकाऱ्याला मेल टाकला, संध्याकाळपर्यंत फोन लावत बसले, कुणी उचलला नाही. फ्रीज निघाला नवव्या दिवशी. दसरा गेला तो गेलाच.

पण आधल्याच आठवड्यात नौपाड्यातले एक आजोबा आलेले. रिफंड मिळेल म्हणून पिन टाकला आणि 98 हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हो, किती वेळा सांगायचं! वीस मिनिटांत 1930 ला कळवलं म्हणून 61 हजार पुढच्या खात्यात अडकले, याच होल्डमुळे. मग होल्ड नको असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

2016 ला सुरू झालेलं यूपीआय ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2000 कोटी व्यवहारांवर गेलं, मावशीचे दहा-दहा रुपयेही त्यातच.

परवा तिच्याकडे गजरा घेतला. फोन काढला तर म्हणाली, "ताई, सुट्टे बघा ना असतील तर."