नाना गेल्यावर त्यांची बंदूक जमा करताना आलेला अनुभव

नाना, म्हणजे माझे वडील, गेले, त्यानंतर मृत्यूचा दाखला, सातबाऱ्यावर वारसनोंद, बँकेतलं खातं ही कामं ओळीने उरकली. अडलं ते त्यांच्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीपाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितोय. शिवाय निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे मळ्यात राहणाऱ्या बऱ्याच घरांत अशी एखादी जुनी बंदूक असते, त्यांच्या उपयोगी पडेल.

परवाना नानांच्या एकट्याच्या नावावर होता. परवानाधारक वारला की ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क घरच्या कोणालाच राहत नाही. ‘आम्ही हातही लावला नाही, कपाटातच आहे’ याने भागत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 मध्ये स्पष्ट आहे: ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही, तर उगाच वेळ न लावता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं.

मी ठाण्यात फोन करून विचारलं. ‘घेऊन या’ म्हणाले. नळ्या आणि दस्ता वेगळे करून कॅनव्हासच्या पिशवीत घातले, काडतुसं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवली, परवान्याचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला वर ठेवला आणि पिकअपमधून गेलो. तिथे टेबलावरच्या हवालदारांनी पुस्तक उघडलं, फोटो बघितला आणि म्हणाले, “लायसनवाले कुठे आहेत? त्यांची सही लागेल.”

“साहेब, ते वारले. म्हणूनच आलोय. हा दाखला.”

“मग वरून पत्र आणा. असं वारसाकडून घेता येत नाही.”

“पत्र येईपर्यंत ही तरी ठेवून घ्या. माझ्याकडे परवाना नाही.”

“पावती कशावर देऊ? घेऊन जा सध्या.”

हे ‘घेऊन जा’ मला आजही सहन होत नाही. ज्या खात्याने बिनपरवाना हत्यारासाठी लोकांना पकडायचं, त्याच खात्याचा माणूस मला हत्यार गाडीत घालून हमरस्त्याने घरी न्यायला सांगत होता. पिंपळगावच्या टोलनाक्याअलीकडे नाकाबंदी दिसली तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर ओले झाले होते. गाडी थांबवली असती तर काय दाखवणार होतो? मेलेल्या माणसाचं पुस्तक?

परवान्याचं काम जिथे चालतं तिथे गेलो. (ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात, नाशिक शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्त.) तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जमा करायला वेगळं पत्र लागतच नाही, असं सांगितलं. ठाण्यात परत सांगितलं तर ‘तोंडी चालत नाही’. पुढच्या वेळी मुद्देमालाचे कारकून रजेवर. त्याच्या पुढच्या वेळी बंदोबस्त. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, डाऊनी रोगाच्या भीतीने दिवसाआड फवारणी, आणि मी बाग गड्यांवर सोडून त्या बाकड्यावर बसलेला. सगळ्यात वाईट म्हणजे एवढे दिवस ती घरातच, आणि माझा मुलगा दहावीत. किल्ली मी झोपतानासुद्धा करदोट्याला बांधायचो.

शेवटी वकील मित्राने सांगितलेली गोष्ट कामाला आली. मराठीत एक पानी अर्ज लिहिला: परवानाधारकाचं नाव, परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, बंदुकीचा बोअर, नळीवरचा क्रमांक, काडतुसं किती, ‘कलम 21 नुसार जमा करून घ्यावे व पोच द्यावी’. सोबत त्या कलमाची प्रत जोडली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागितला. शिक्का मारायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा तो कागद प्रभारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला. त्यांनी वाचला, मान वर केली आणि म्हणाले, “यात अडचण काय आहे? घ्या जमा.” तासाभरात पावती माझ्या हातात होती. एवढंच काम होतं!

पावतीवर काडतुसांचा आकडा वेगळा लिहून घ्या. आमच्या पावतीत आधी नुसती बंदूक लिहिली होती, मी थांबून ओळ वाढवून घेतली. आणि नळीवरचा क्रमांक घरीच, उजेडात, तेलाच्या फडक्याने पुसून वाचून ठेवा. आमच्या बंदुकीचे शेवटचे दोन आकडे गंजात बुजले होते.

जमा झाल्यावर घरात खरा वाद सुरू झाला. सिडकोतला धाकटा भाऊ म्हणाला, तुझ्या नावावर करून घे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे वारसाला परवाना मिळू शकतो. बाकीच्या वारसांची ना-हरकत, वैद्यकीय दाखला, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि पोलीस अहवाल लागतो. आईचं म्हणणं, बंदूक आहे हे माहीत असलं की वस्तीवर कोणी येत नाही.

मी नाही म्हणालो आणि त्यावर ठाम आहे. आमच्या मळ्यात भीती दोनच, बिबट्या आणि मोटारीची केबल नेणारे चोर. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, खरोखर जिवावर बेतलं तरच बचावाला जागा. केबलचोरावर गोळी झाडणं तर सरळ गुन्हा. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 वाचली: स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि नुसत्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. दरोडा किंवा रात्रीची घरफोडी असेल तर गोष्ट वेगळी. पण रात्री दोनला कुत्रं भुंकल्यावर अंधारात बाहेर उभा आहे तो दरोडेखोर, की पाणी धरायला निघालेला शेजारी, हे मी ठरवायचं? तेही कुलूप उघडून, काडतूस भरून? कुलपात नसेल तर मुलाच्या हाताला लागते, कुलपात असेल तर वेळेला हाताशी नसते.

आणि नानांची ती बंदूक 2024 मध्ये लोकसभेच्या निवडणुकीत पोलिसांकडे जमा होती, विधानसभेच्या वेळीही जमा होती. त्या महिन्यांत आम्ही तसेच झोपलो.

त्याऐवजी घराच्या चारी कोपऱ्यांना सौर दिवे लावले, गोठ्याला जाळी केली, विहिरीवर कॅमेरा बसवला. वस्तीवरच्या सगळ्यांचे नंबर ग्रामसुरक्षा यंत्रणेत (एका फोनवर सगळ्यांना सूचना जाते ती) नोंदवले आणि 112 आईच्या फोनमध्ये पहिलाच ठेवला. आईला अजून पटलेलं नाही, ती ते बोलूनही दाखवते.

बंदूक रीतसर परवानगी घेऊन परवानाधारक विक्रेत्याला विकली. जमा केली म्हणजे सुटलो असं समजू नका. ठरलेल्या मुदतीत परत घेतली नाही किंवा विकली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते.

आणि ज्यांना ठेवायचीच आहे त्यांनी वडील हयात असतानाच हालचाल करा. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं असलं, तर तो स्वतः वारसाचं नाव सुचवू शकतो. नानांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी बसत होत्या आणि हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. त्यांची सही तेव्हा सहज मिळाली असती.