छायाचित्र नसलेला हँडगन परवाना : व्हर्जिनियातील माझा अनुभव

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या रहिवाशाला कपड्याआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना सर्किट कोर्टातून, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयातून मिळतो आणि त्यावर धारकाचे छायाचित्र नसते. रात्री उशिरा दुकान बंद करून रोकड घेऊन घरी यावे लागते, म्हणून मी तो काढला. प्रशिक्षण, नोटरीसमोरची सही आणि शुल्क (ते ५० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही) हे सारे आठवडाभरात उरकले.

अडले ते परवाना हातात आल्यावर. दोन इंच रुंद आणि सव्वातीन इंच लांब अशा त्या कार्डावर नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, उंची, वजन, केसांचा व डोळ्यांचा रंग आणि सही एवढीच ओळख असते. माझ्या कार्डावर वडिलांचे नाव आडनावाच्या जागी छापले गेले होते आणि आडनाव मधल्या नावाच्या जागी. ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र नाव बरोबर होते. दोन्ही कार्डे शेजारी ठेवली की ती दोन वेगळ्या माणसांची वाटत. केस काळे, डोळे तपकिरी हे वर्णन तर माझ्या धाकट्या भावालाही लागू पडते.

दुरुस्तीसाठी कोर्टात गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी सांगितले की छायाचित्र लायसन्सवर आहेच, त्यामुळे काळजीचे कारण नाही. पण पोलिसाने मागितल्यास परवाना आणि छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र ही दोन्ही दाखवावी लागतात, आणि न दाखवल्यास २५ डॉलर दंड आहे. मग त्या दोहोंवरचे नावच जुळत नसेल, तर रात्री रस्त्याच्या कडेला, कमरेला पिस्तूल असताना, मी त्या अधिकाऱ्याला मराठी नावांची रचना समजावून सांगत बसायचे का? दुसऱ्या खेपेस उत्तर मिळाले की मी अर्जातच तसे लिहिले असेल. माझ्याकडे अर्जाची प्रत नव्हती. अर्ज देण्यापूर्वी त्याची प्रत काढून ठेवा, हे मी सर्वांना कळकळीने सांगतो. तिसऱ्या खेपेस मूळ अर्ज निघाला आणि माझ्या अक्षरातली तिन्ही नावे आपापल्या चौकटीत नीट होती. चूक मान्य झाली, पण दुरुस्त कार्डावर सही होण्यात आणखी बारा दिवस गेले.

म्हणूनच परवान्यावर छायाचित्र हवे, असे माझे ठाम मत आहे. परराज्यातील अर्जदाराला व्हर्जिनियाचे स्टेट पोलीस परवाना देतात, तेव्हा कार्डावर छापण्यासाठी त्याच्याकडून छायाचित्र मागून घेतात. मग इथल्या रहिवाशालाच त्यातून का वगळावे? छायाचित्र जुने होते, हा आक्षेप मला पटत नाही, कारण हा परवाना पाच वर्षांचा असतो आणि ज्या लायसन्सवर सारी भिस्त ठेवली आहे, ते आठ वर्षांपर्यंत चालते. छायाचित्रासाठी एक जादा खेप पडेल, हे मान्य आहे. माझ्या तीन पडल्या.

२०२१ पासून ऑनलाइन प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र चालत नाही, हे वर सांगायचे राहिले. शिवाय कोर्टाने ४५ दिवसांत निर्णय दिला नाही, तर क्लार्कने तसे प्रमाणित केलेला अर्जच ९० दिवसांपर्यंत परवाना म्हणून चालतो. त्या कागदावरचे नावही अक्षर अन् अक्षर तपासून घ्यावे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी १८० दिवसांपर्यंत देता येतो. मी तो पहिल्याच आठवड्यात देणार आहे.