नितळ पाण्याची बाटली

आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्याचा प्रकल्प नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही. बहुतेक वेळा तो एकच असायचा. एकावर एक ठेवलेली मडकी, त्यांत वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे, वरून ओतलेलं गढूळ पाणी आणि खाली थेंबथेंब पडणारं स्वच्छ पाणी. आम्ही चौघांनीही त्याच प्रकल्पाला नाव दिलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी वही परत केली आणि म्हणाल्या, "पाणी गढूळ झालं कुठे, ते आधी शोधा. गाळायचं मग पाहू."

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचं तर मी याच प्रकल्पावर लिहायचं ठरवलं. गॅदरिंग, सहली, शिक्षकांच्या लकबी यांवर बाकीचे माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी आज माती आणि पाणी तपासण्याचं काम करते, आणि ते काम बाईंच्या त्या एका वाक्यापासून सुरू झालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नागपूरच्या मुलांना प्रदूषित पाणी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. नाग नदीवरचा कुठलाही पूल ओलांडला की ते कळतं. बाईंनी विचारलं, ही घाण आली कुठून? वर्गातल्या सगळ्यांनी नाल्यांची आणि कारखान्यांची नावं घेतली. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी हिंगण्याच्या पुढच्या खेड्यातून एसटीने शाळेत यायची. "तुझ्या गावच्या नाल्यात कुठला पाईप येतो?" कुठलाच येत नव्हता. तरी पावसाळ्यात आमचा नाला चहासारखा दिसायचा आणि दिवाळीनंतर त्याच्या डोहांत हिरवा तवंग धरायचा. दोन्ही बाजूंना फक्त वावरं होती.

बाईंनी भिंतीवरचा नकाशा उतरवून टेबलावर पसरला. आमच्या नाल्याचं पाणी वेणा नदीत जातं, वेणा वर्धा नदीला मिळते. शहराचं पाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला जातं. पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. गावाचं पाणी आणि शहराचं पाणी शेवटी एकाच नदीत. शहराच्या नाल्याच्या तोंडाशी उभं राहून बोट तरी दाखवता येतं. शेतातून येणारं पाणी हजार धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, थोडंथोडं उतरतं, त्याच्या तोंडाशी उभं राहायला जागाच नसते. म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

प्रकल्प ठरला: शेतातून वाहून जाणारं खत आणि माती धुऱ्यावरच अडवता येईल का?

प्रयोगशाळेतल्या भाऊंनी तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे आडवे ठेवून कापून दिले. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला भोक पाडून नळी बसवली. माती आमच्या वावरातली होती, पोत्यात भरून एसटीच्या टपावरून आणलेली. चार डबे विटांवर सारख्या उतारावर मांडले. पहिल्यात खत, म्हणजे युरिया आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेलं डीएपी, घातलेली उघडी माती. दुसऱ्यात तीच माती, तेवढंच खत, पण खालच्या बाजूला धुऱ्यावरून खुरप्याने मुळांसकट उचलून आणलेला गवताचा पट्टा. तिसऱ्यात गवताचा पट्टा होताच, शिवाय खत वरून न फेकता लहानशा तासात (सरीत) टाकून मातीआड केलेलं. चौथ्यात खतच नव्हतं. पाऊस म्हणजे झारी. तीही प्रत्येक वेळी तेवढ्याच उंचीवरून, तेवढंच पाणी.

काळ्या मातीचा स्वभाव मला तोवर घरच्यासारखा ठाऊक होता, पण तिची कारणं इथे कळली. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरगाचा पहिला पाऊस ती त्या भेगांतून गटागटा पिते. एकदा भिजली की तिच्यातली चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी आत जायचं नावच घेत नाही. नागपूरकडे वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे जमीन पाणी नाकारते तेव्हाच वावरात खत पडलेलं असतं. आमच्या डब्यांतही असंच झालं. पहिली झारी जिरली. पुढच्या झाऱ्या नळीतून बाहेर आल्या.

उघड्या मातीच्या डब्यातून आलेलं पाणी शाईसारखं काळपट होतं, आणि कितीतरी दिवस बाटलीत तसंच राहिलं, इतके बारीक कण. गवताच्या पट्ट्यातून आलेलं पाणी मात्र जवळपास नितळ. आम्हाला प्रकल्प पूर्ण झाल्यासारखं वाटलं. तक्ता रंगवायलाही घेतला.

बाईंनी तो थांबवला. युरिया टाकल्यावर त्यांनी आम्हाला मुद्दाम आठवडाभर थांबवून मगच पाऊस पाडायला लावला होता, त्याचं कारण आता सांगितलं. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, पण ते मातीत तसंच राहत नाही. आधी त्याचं अमोनियम होतं आणि मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. काळ्या मातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो. अमोनियम धनप्रभारित, म्हणून कणांना धरून राहतं. नायट्रेट ऋणप्रभारित, त्याला माती धरत नाही. ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबर निघतं. आणि विरघळलेल्या वस्तूला गवत काय अडवणार? गवत पाण्याचा वेग मोडतं, वेग मोडला की माती खाली बसते. त्याचं काम एवढंच.

वरच्या वर्गांच्या प्रयोगशाळेत बाईंनी स्वतः तपकिरी कड्याची चाचणी करून दाखवली. परीक्षानळीत आमचं पाणी, त्यात फेरस सल्फेट, मग नळीच्या कडेने हळूच सोडलेलं सल्फ्युरिक आम्ल. दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं उमटलं तर नायट्रेट आहे. नितळ बाटलीतल्या पाण्यात कडं उमटलं.

त्यानंतरचा भाग मला सगळ्यात जवळचा. चारही बाटल्यांत तलावाचं थोडं हिरवं पाणी मिसळून आम्ही त्या शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. खत नसलेल्या डब्याची बाटली होती तशीच राहिली. उघड्या मातीच्या बाटलीतला गाळ बसला आणि ती गर्द हिरवी झाली. गवताच्या पट्ट्याची नितळ बाटलीसुद्धा हिरवी झाली. कमी, पण झाली. खत मातीआड केलेल्या डब्याची बाटली त्याहून फिकी.

कमी का? इथे बाईंनी आम्हाला कॅनडातल्या एका सरोवराची गोष्ट सांगितली. 1973 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी एका छोट्या सरोवराच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र सोडलं, एका भागात स्फुरदही सोडलं. स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा नाही झाला. आणि स्फुरद बव्हंशी मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतं. म्हणून गवताने माती अडवली तेव्हा डीएपीतलं बरंचसं स्फुरदही अडलं, आणि बाटली कमी हिरवी झाली. वरवर विरघळलेलं थोडं स्फुरद निसटलं, तेही मातीआड केल्यावर घटलं. दूरदेशीच्या सरोवराचं उत्तर आमच्या तेलाच्या डब्यात सापडलं, याचा आनंद मला अजून तसाच होतो.

पण नायट्रेट शेवाळाला कमी उपयोगी पडलं, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ते जमिनीत मुरून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून फार वाढलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. आमच्या घरी पावसाळ्यात आई विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवायची आणि ते उकळायची. तुरटीने गाळ बसतो, उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट यातल्या कशानेच जात नाही. उकळताना पाणी आटतं, त्यामुळे उलट थोडं घट्टच होतं. हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं. तिने विचारलं, "मंग काय करायचं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बाईंचं उत्तर एकच होतं: ते विहिरीत जाण्याआधी वावरात थांबवायचं.

प्रदर्शनात काय मांडायचं यावर आमच्यात वाद झाला. आमच्यातला एक जण म्हणाला, हिरवी झालेली नितळ बाटली मागे ठेवू, परीक्षक विचारतील. बाईंनी ती उचलून सगळ्यात पुढे ठेवली, आणि खाली चिठ्ठी लावली: 'गवताने माती अडते, नायट्रेट अडत नाही.' आपल्याच उपायाची मर्यादा आपल्याच टेबलावर सर्वांत पुढे. त्या तालीमीचं मोल मला नोकरीत दरवर्षी नव्याने कळतं. अहवालातला नको असलेला आकडा शेवटच्या पानावर ढकलावा, असं सुचवणारे लोक भेटतात. मी ढकलत नाही.

बक्षिसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. तालुक्याला गेलो, पुढे दुसऱ्या शाळेचा प्रकल्प गेला. आमचा प्रकल्प गावात गेला, ते जास्त महत्त्वाचं.

दिवाळीच्या सुटीत बाई एसटीने आमच्या गावी आल्या. मारुतीच्या पारावर डबे मांडले, झारीने पाऊस पाडला. लोक मन लावून पाहत होते, कारण नळीतून निघालेली माती त्यांची होती. पण धुऱ्यावर गवत ठेवा म्हटल्याबरोबर शेजारच्या वावराचे काकाजी उठले. "बाई, तुमच्या डब्यात ठीक आहे. वावरात एकदा हराळी शिरली का मंग निघत नाही." माझ्या बाबांची अडचण वेगळी होती. "धुरा रुंद ठेवला का बाजूचा दरसाल एक तास कोरून घेते." दोघांचंही खरं होतं. धुऱ्यावरून आमच्याकडे भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि वाळ्याचं नाव काढलं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरला ज्या खसच्या ताट्या लावतात, तो वाळा. हराळीसारखा तो जमिनीवरून धावत नाही, ठोंब धरून जागीच राहतो, आणि मुळं सरळ खोल नेतो. ठोंबांची रांग लावली तर धुऱ्याची हद्दही पक्की होते. काकाजी म्हणाले, "हे करून पाहता येईल." पुढच्या पावसाळ्यात नाल्याकडच्या अंगाला त्यांनीच पहिली रांग लावली. बाबांनी त्यांच्यानंतर.

युरियाचा प्रश्न याहून कठीण होता, आणि आजही आहे. पाऊस येऊन राहिला असं दिसलं की आमच्याकडे शेतकरी पोतं घेऊन वावरात जातो आणि युरिया फेकतो. शहरातल्या माणसाला हे अडाणीपणाचं वाटतं. ते तसं नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीवर युरिया उघडा पडला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. हलक्या पावसाने तो मातीत मुरला तर वाचतं. शेतकऱ्याचा हिशेब बरोबर असतो, पाऊस हलका निघत नाही. झोडपून आला की सगळं नाल्यात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) बुडाशी खत देऊन मातीआड करणं, एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत देणं, डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधून डवरा फिरवण्याच्या, आधी टाकणं, हे सगळं चांगलंच. पण फेकायला एका माणसाची एक सकाळ लागते आणि बुडाशी द्यायला मजूर लागतात, तेही चिखलात, निंदणाच्या ऐन हंगामात. सल्ला देणाऱ्याने ही मजुरी आधी मोजावी, असं माझं स्पष्ट मत आहे. 2015 पासून देशात बहुतेक युरिया निम कोटेडच मिळतो. निंबोळीच्या तेलाने अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतं, म्हणजे ज्या पायरीसाठी बाईंनी आम्हाला आठवडाभर थांबवलं होतं, तीच लांबते. मदत होते, पण मुसळधार पावसापुढे तीही पुरी पडत नाही.

आता शाळेकडे एक मागणी. यंदा जी मुलं पाण्याचा प्रकल्प करतील त्यांनी आमच्यापेक्षा एक पाऊल पुढे जावं. आम्ही डब्यांत थांबलो, विहिरींपर्यंत गेलो नाही. आपल्या शाळेत आजही हिंगणा, काटोल, कळमेश्वरकडची मुलं येतात. त्यांनी आपल्या गावच्या विहिरीचं पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पोळ्याच्या सुमारास घ्यावं. अर्धा लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी, बर्फात ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापर्यंत पोहोचवावी. बाटलीवर गाव, तारीख, विहिरीची खोली आणि शेजारच्या वावरात कोणतं पीक, कोणतं खत, एवढं लिहावं. तपासणी मी करून देईन, पैसे घेणार नाही. माझा पत्ता शाळेच्या कार्यालयात दिला आहे.