मणक्याचं ऑपरेशन आणि रात्री घरी जेवायला

धाकट्या भावजींचं मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच रात्री ते घरी वरण-भात खात होते, हे नातेवाइकांत पसरल्यापासून मला इतके फोन आलेत की म्हटलं एकदा लिहूनच टाकते. फोनवाल्यांचे दोन गट आहेत. एक म्हणजे "मणक्याला हात लावू दिलात? आता आयुष्यभर पट्टा" वाले. दुसरे "अगं ते लेसरने करतात ना, टाके पण नाहीत, आमच्या ह्यांचंही उरकून टाकू" वाले. मला खरी काळजी दुसऱ्यांची वाटते.

(आणि लेसर नव्हता हो. दुर्बीण होती, आणि टाका पण होता, एक.)

भावजींचं हार्डवेअरचं दुकान आहे, सिमेंटची पोती इकडून तिकडे करणं रोजचंच. कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी (डॉक्टरांच्या भाषेत एल५-एस१) सरकून डाव्या पायाची नस दबली. कंबर फारशी नाही दुखायची, पण कुल्ल्यापासून पोटरीतून पार पायाच्या करंगळीपर्यंत कळ जायची, खोकला आला तरी ओरडायचे. तरी डॉक्टरांनी सुरुवातीला ऑपरेशनचं नाव काढलं नाही, गोळ्या, थोडं थोडं चालणं, मग फिजिओ. सासूबाई वैतागल्या, की नुसतं थांबायला कशाला पैसे देताय. पण बहुतेकांची सायटिका, म्हणजे नस दबून पायात जाणारी ही कळ, ६ ते १२ आठवड्यांत बरीच कमी होते, बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा, सुटा पडलेला तुकडा जास्त चांगला विरघळतो. एमआरआयमध्ये भयंकर दिसतं म्हणून लगेच कापा असं नसतं. भावजींचा तेवढा काळ उलटला तरी कळ तशीच, वर डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, म्हणजे नसेचा जोरच कमी व्हायला लागला, तेव्हा मग ठरलं.

आता ह्यात "छोटं" काय असतं ते. सगळे विचारतात चिरा केवढा. चिरा साधारण ८ मिलिमीटर, पण मुद्दा चिऱ्याचा नाहीच. जुन्या पद्धतीत पाठीच्या मधोमध कापून मणक्याला चिकटलेले स्नायू हाडापासून सोडवतात, थोडं हाड काढतात, मग गादीपर्यंत पोचतात. पाठ नंतर जी दुखते ती बरीचशी त्या सोडवलेल्या स्नायूंमुळे. नळीच्या पद्धतीत स्नायू कापायचे नाहीत, एकात एक बसणाऱ्या नळ्या घालत त्याचे धागे बाजूला सारायचे आणि त्या भोकातून काम करायचं, १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ ह्या अमेरिकन डॉक्टरांनी हे मांडलं. दुर्बिणीच्या पद्धतीत तर कुशीच्या बाजूने, नस जिथून बाहेर पडते त्या नैसर्गिक भोकातूनच आत शिरतात. तिथे एक सुरक्षित त्रिकोणी जागा असते, पार्विझ कॅम्बिन ह्या सर्जनच्या नावाने ओळखली जाते. हे बऱ्याचदा नुसती जागा बधिर करून, थोडी गुंगी देऊन होतं. पेशंट जागा असतो, नसेला धक्का लागला तर स्वतःच सांगतो की पायात चमक गेली. भावजी म्हणे आत डॉक्टरांशी सिमेंटच्या भावावर बोलत होते, मला पटतं ते.

गादी सरकून नस दबते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार ह्यांनी १९३४ मध्ये लिहिलं, तेव्हापासून लोक कमी कापण्याचे मार्ग शोधतायत. मधे पपईसुद्धा आली, खरंच. पपईच्या चिकातलं एक एन्झाइम सुईने गादीत सोडून ती विरघळवायची, १९६४ च्या सुमारास लायमन स्मिथ (हे वेगळे स्मिथ) ह्या सर्जननी सुरू केलं, १९८२ ला अमेरिकेत रीतसर परवानगीही मिळाली, पण काहींना जीवघेणी ॲलर्जी आली, काहींना मज्जारज्जूचा त्रास, आणि ते मागे पडलं.

म्हणून "नवीन म्हणजे चांगलं" वाल्यांना सांगते, की नेदरलँड्समध्ये ३२८ पेशंटवर नळीची पद्धत आणि नेहमीची जुनी, मायक्रोस्कोपमधून बघत करायची पद्धत ताडून पाहिली, २००९ मध्ये निकाल छापला, आणि नळीवाल्यांना वर्षभरानंतर पाय-पाठदुखी उलट किंचित जास्त होती. दुर्बिणीच्या पद्धतीची तिथेच ६१३ जणांवर चाचणी झाली, २०२२ चा निकाल, तिथे ती जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. बस, एवढंच. जादू नाही. इन्फेक्शन, नसेला इजा, गादी परत बाहेर येणं, हे धोके छोट्या भोकातूनही असतातच.

आणि त्याच दिवशी घरी म्हणजे काय, तर हॉस्पिटलची नर्स जाऊन तिथे जाऊबाई आल्या. ह्यावर कुणी बोलत नाही. घरी कमोड हवा, नसेल तर खुर्चीवाला आणून ठेवा, उकिडवं बसायचं नाही. लिफ्ट आहे का, पहिल्या रात्री लघवी नीट झाली का हे बघायला कुणी जागं आहे का, गाडीत सीट मागे करून येता येईल का (आमचा रस्ता! दुचाकीचा तर विचारच नको). घर लांब असेल तर एक रात्र गपचूप राहा ना, कुणी बक्षीस देत नाही. मेडिक्लेमची भीती असते की २४ तास ऍडमिट नाही म्हणून पैसे नाकारतील, पण नवीन तंत्रामुळे एका दिवसात होणाऱ्या ऑपरेशनसाठीच पॉलिसीत डे केअर असतं, फक्त आधी लेखी विचारून घ्या.

एक मात्र थांबायचं नसतं. जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा न कळताच होणं, पाऊल एकदम लुळं पडणं, ह्यात फिजिओबिजिओ काही नाही, रात्री दोन वाजता असलं तरी इमर्जन्सीला जायचं.

मामींचा काल परत फोन, तारीख कधी घ्यायची म्हणून. मी विचारलं मामांचा पाय दुखतो का. "नाही गं, पाय एकदम मोकळा, सकाळी उठताना कंबर धरते." मग हे ऑपरेशन त्यांच्यासाठी नाहीच, हे पायातली कळ घालवायला असतं, नुसत्या कंबरदुखीला नाही. मामांना फिजिओचा पत्ता दिलाय. मामी नाराज आहेत.