जिभेचं किती, बाटलीचं किती

एप्रिल, पारा चाळिशीपार

"ही बिअर आता पूर्वीसारखी लागत नाही" हे वाक्य उन्हाळ्यात फार ऐकू येतं. आवड बदलली, वय झालं, कंपनीने पाणी वाढवलं, असं काहीही बोललं जातं. त्याआधी लेबलवरची तारीख कुणी वाचत नाही.

बाटलीतली बिअर पाश्चराइज केलेली असते, म्हणून ती नासत नाही. शिळी मात्र होते. बुचाखाली अडकलेला चिमूटभर ऑक्सिजन आणि बाहेरची उष्णता मिळून माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या जवातल्या) पदार्थांची वाट लावतात आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. बिअरवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३००. म्हणजे ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस किंवा ३ अंशांत ३०० दिवस ठेवा, चवीचं नुकसान साधारण सारखंच. काटेकोर शास्त्र नव्हे, पण दिशा बरोबर आहे. आता नाशिकच्या एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या गोदामात आठवडाभर पडलेल्या क्रेटचा हिशेब करून बघा. तीच बाटली पुढे दुकानाच्या फ्रीजमध्ये जाते, तिच्यावर दव जमतं आणि ती ताजी वाटते. थंडगार आणि ताजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून उन्हाळ्यात उत्पादनाची तारीख दोन महिन्यांच्या आतली आहे ना, ते बघूनच घ्यावी. सहा महिन्यांची मुदत छापलेली असते, पण ती थंड जागेत ठेवलेल्या मालाची समजावी. हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या, वासावर उभी असलेली कडवट आयपीए, आणि गव्हाची बिअर, यांची चव सगळ्यात आधी जाते. गडद आणि दणकट बिअर जरा जास्त तग धरते.

उजेडाचं प्रकरण वेगळं. हॉप्सच्या कडवट घटकांवर ऊन किंवा ट्यूबचा प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि त्याला उग्र, जनावराच्या अंगासारखा दर्प असतो. भर उन्हात ओतलेल्या ग्लासात हे काही मिनिटांत होतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडा, पारदर्शक जवळपास नाहीच. गंमत म्हणजे हिरव्या बाटलीतली बिअर वर्षानुवर्षं पिणाऱ्यांना हाच दर्प "इंपोर्टेड चव" वाटतो. सवयीने दोषसुद्धा आवडायला लागतो, आणि मग टिनमधली तीच बिअर त्यांना मिळमिळीत लागते. शंका असेल तर एकाच ब्रँडचा टिन आणि बाटली शेजारी शेजारी ओतून वास घ्यावा.

त्याच आठवड्यात

स्ट्राँगबद्दल, म्हणजे जास्त अल्कोहोलच्या बिअरबद्दल, लिहायचं राहिलं. आपल्याकडे बऱ्याच जणांची सुरुवात स्ट्राँगने होते आणि त्याचं कारण चवीपेक्षा गणितात आहे. ६५० मिलीची बाटली, अल्कोहोल "८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही". पुरते ८ धरले तर ५२ मिली अल्कोहोल. माइल्डचा ३३० मिलीचा पाइंट ५ टक्क्यांनी साडेसोळा मिली. म्हणजे एका स्ट्राँग बाटलीत तीन पाइंट बसून वर थोडं उरतं. खिसा हलका असताना कोण काय मागवणार, हे सांगायला नको.

चवीच्या अंगाने स्ट्राँग नवख्याला सोपी जाते, कारण ती कडू कमी आणि गोडसर जास्त असते. जास्त अल्कोहोलसाठी जास्त साखर लागते. ती माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा थेट साखरेतून येते. आंबवण जोरात आणि गरम झालं तर यीस्ट जड अल्कोहोलं तयार करतं. घशात लागणारी जळजळ, ज्याला आपण "किक" म्हणतो, ती बरीचशी त्यांची. पुढे काही वर्षांनी हाच गोडवा चिकट वाटू लागतो, दुसरा ग्लास संपत नाही. हा बदल मात्र जिभेचा. यात बाटलीकडे बोट दाखवता येणार नाही.

आणि ते ग्लिसरीन! पाण्याने भरलेल्या ग्लासात बाटली उलटी धरायची, तोंडातून तेलकट धारा खाली उतरताना दिसतात, "बघ, निघालं ग्लिसरीन". शिकली-सवरलेली माणसं हे करतात. त्या धारा बिअरच्याच असतात. आंबवण संपल्यावरही बिअरमध्ये थोडी साखर आणि इतर पदार्थ उरतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते; गार असली तर आणखी. जड द्रव खाली उतरतो आणि तेवढंच पाणी वर बाटलीत शिरतं. दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून धारा दिसतात. खात्री हवी असेल तर रिकाम्या बाटलीत साखरेचं पाणी भरून हाच प्रयोग करावा, तशाच धारा निघतील. आंबवताना यीस्ट थोडं ग्लिसरॉल तयार करतं हे खरं, पण ते बिअरमध्ये विरघळलेलं असतं, असं वेगळं गाळून निघत नाही. या विधीने एकच होतं, बिअर पाणचट होते. मग ती "सौम्य झाली" म्हणून आवडते, तर मुळात माइल्डच का घेऊ नये?

गटारीच्या आधी

बाजारात चकण्याची तयारी दिसायला लागली की आठवावं असं एक तथ्य: मीठ कडूपणा दाबतं. खारे शेंगदाणे, चिवडा, मसाला पापड यांच्याबरोबर बिअर कमी कडू आणि जास्त गोडसर लागते. तीच बिअर नुसती प्यायली की "आज कडक आहे" असं वाटतं. बदलला तो चकणा. तपासणं सोपं आहे. अर्धा ग्लास नुसता प्यावा, मग दोन खारे दाणे चावून पुढचा घोट घ्यावा. फरक पहिल्याच घोटाला कळतो.

तिखटाचा नियम उलटा. मिरचीची आग, बिअरचा गॅस आणि अल्कोहोल तिन्ही तोंडात आगीसारखीच जाणीव चेतवतात, आणि त्यात हॉप्सचा कडूपणा आला की आग आणखी बोचते. काळ्या मसाल्याच्या रस्स्याबरोबर ५० आयबीयूची आयपीए म्हणजे आगीत तेल. आयबीयू हे कडूपणाचं माप. आपल्या नेहमीच्या लागरमध्ये ते साधारण ८ ते १५ असतं, गव्हाच्या बिअरमध्येही तेवढंच, आयपीएत ४० ते ७०. मटण झणझणीत असेल तर गव्हाची किंवा माल्टकडे झुकणारी लागर घ्यावी. आयपीए नावडती ठरवणाऱ्या कितीतरी लोकांनी ती पहिल्यांदा चुकीच्या ताटाबरोबर घेतलेली असते. तिला चीज, तळलेले मासे, फार तर साधी भजी द्यावीत.

घाईत गार करायची असेल तर फ्रीजरपेक्षा बादली बरी. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला हवेच्या पोकळ्या राहतात, पाणी मात्र सगळीकडून चिकटतं. पाइंट पंधरा-वीस मिनिटांत तयार. फ्रीजरमध्ये ठेवलीच तर घड्याळ लावावं. ५ टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठू लागते, पसरते आणि काच तडकते. आणि ग्लासात बर्फाचे खडे? नको. गॅस उडतो आणि शेवटचे दोन घोट पाण्याचे.

श्रावण

बऱ्याच घरांत महिनाभर बाटली बंद. माझं निरीक्षण असं, की खंडानंतरचा पहिला घोट नेहमीपेक्षा कडू लागतो आणि दोन-तीन बैठकांत पुन्हा सरावाचा होतो. कडू म्हणजे विषारी असण्याची शक्यता, ही शरीराची जुनी सावधगिरी. मूल कारलं थुंकतं ते त्यामुळेच. वारंवार चाखूनही काही बिघडत नाही, उलट बरं वाटतं, असं मेंदूला पटलं की विरोध मावळतो. कॉफीचं तेच, मेथीचं तेच. पण सगळ्यांचं सारखं नसतं. कडू ओळखणाऱ्या जिभेवरच्या ग्राहींचा नमुना आनुवंशिक आहे आणि काही लोकांना तोच घोट खरोखरच जास्त कडू लागतो. अशा माणसाला "चव डेव्हलप कर" म्हणून आयपीए पाजत राहणं हा छळ आहे.

बहुतेकांची वाट साधारण अशी: स्ट्राँग, मग माइल्ड लागर, मग गव्हाची, मग आयपीए, आणि शेवटी एक तर स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बिअर) किंवा परत साधी, नीट बनवलेली लागर. गव्हाच्या बिअरने महाराष्ट्रात बऱ्याच जणांची दिशा बदलली. २००९मध्ये पुण्यात दूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि बिअरमध्ये केळ्याचा, लवंगेचा वास असू शकतो हे तिथे अनेकांना पहिल्यांदा कळलं. यात ना केळं असतं ना लवंग, दोन्ही वास जर्मन पद्धतीच्या यीस्टचे. आंबवण गरम ठेवलं तर केळं वर येतं, थंड ठेवलं तर लवंग. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात.

नाशिकचं आश्चर्य वाटतं ते इथे. २०००मध्ये इथल्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन ग्लास फिरवून वास कसा घ्यायचा हे इथल्या कितीतरी लोकांनी शिकून घेतलं. तेच लोक कॉलेज रोडला येऊन बिअर मागवताना फक्त "एकदम चिल्ड" एवढंच सांगतात.

डिसेंबर, निफाडला पारा एक आकडी

थंडीत स्टाउट आवडू लागते, त्यात हवामानाचा हात मोठा आहे. थंडपणा वास झाकतो आणि कडूपणा, गॅसची धार पुढे आणतो. २ अंशांना स्टाउट म्हणजे जळकट काळं पाणी. १० ते १३ अंशांना त्याच ग्लासात कॉफी, कोको, भाजलेल्या पावाची कड सापडते. एप्रिलमध्ये ग्लास बघता बघता त्यापुढे निघून जातो, डिसेंबरमध्ये तिथे बराच वेळ टिकतो. बाकी आकडे असे धरावेत: साधी लागर ४ ते ६, गव्हाची ६ ते ८, आयपीए ८ ते १०. स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवून एकदा तरी बघावं. घरचा फ्रीज ४-५ अंशांवर असतो, म्हणजे लागर सरळ ओतायची आणि स्टाउट काढून थोडी थांबायची.

ग्लासाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाजीच्या भांड्यांचा स्क्रबर ग्लासाला लावला की तेलाचा थर बसतो आणि फेस मरतो. फेस गेला की वास गेला, आणि दोष बिअरच्या माथी. बुडबुडे काचेला आतून चिकटून बसले असतील तर ग्लास अस्वच्छ आहे असं समजावं. खात्रीसाठी ग्लास ओला करून आतून बारीक मीठ भुरभुरावं. स्वच्छ काचेवर ते सारखं चिकटतं, तेलकट जागी टिकत नाही. वेगळा स्पंज, थोडा साबण, भरपूर पाणी, आणि जाळीवर उपडा ठेवून वाळवायचा. फडक्याने पुसायचा नाही, फडक्यालाही तेल असतं. ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरका, अर्ध्यावर आला की सरळ, वर दोन बोटं फेस. गव्हाची असेल तर बाटलीत दोन बोटं राखून ती गोल हलवावी, तळाचं यीस्ट उठवावं आणि मग ओतावी.

वहीत नोंद करायची तर नावापुढे "छान" लिहून उपयोग नाही. बाटलीवरची तारीख, टिन की बाटली, किती अंशांना ओतली, सोबत काय खाल्लं आणि पहिल्या-शेवटच्या घोटातला फरक, एवढं लिहावं. दोन वर्षांनी तीच बिअर नावडली तर यातलं काय बदललं ते दिसतं. सगळं सारखं असूनही नावडली तर ती खरी बदललेली आवड.

दोन बिअरमधला फरक खरंच कळतो का, यासाठी तीन ग्लासांची परीक्षा आहे. एकसारखे तीन ग्लास, प्रत्येकात ६० मिली, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, पिणारा वेगळा. रंगात फरक असेल तर दिवा मंद करावा किंवा स्टीलचे पेले घ्यावेत. तापमान तिन्हींचं एकच, नाहीतर जीभ थंडपणावरूनच ओळखते. मध्ये साधं पाणी आणि कोरा पाव, चकणा अजिबात नाही. वेगळा ग्लास कोणता एवढंच सांगायचं, आवडला की नाही ते नंतर. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून सहा फेऱ्या कराव्यात आणि दर फेरीला जागा बदलाव्यात. सहापैकी चार बरोबर आली तर नशीबही असू शकतं, ते साधारण दहात एकदा घडतं. पाच आली तर फरक कळतोय असं मानायला हरकत नाही. सहा फेऱ्यांचे मिळून हजार मिलीच्या वर जातात, तेव्हा त्या दोन संध्याकाळींत विभागाव्यात. आणि गाडी घेऊन घरी जाणाऱ्याने नुसता वास घेऊन उत्तर द्यावं. शिळी बाटली तेवढ्यावरही बऱ्याचदा पकडली जाते.